मायदेशी जायचंय, पण सुट्टीला नाही: इथिओपियाच्या एका संशोधक विद्यार्थिनीच्या प्रवासखर्चाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात सुदान, केनिया, टांझानिया, इथिओपिया इथून शिकायला येणारी मुलं काही नवी नाहीत. मात्र इथिओपियातून पीएचडीला येणाऱ्यांचा एक वर्ग वेगळा असतो. ही मंडळी तिकडच्या सरकारी विद्यापीठांत आधीच लेक्चरर असतात, अभ्यासरजेवर येतात आणि पदवी हातात पडली की परत तिथेच रुजू होतात. त्यामुळे विषयाला इथल्या संशोधन समितीची मान्यता लागते, तशी तिकडच्या खात्याचीही लागते. मधेच विषय बदलला तर रजेचाच प्रश्न उभा राहतो.

हे प्रकरण अशाच एका विद्यार्थिनीचं. ती ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, रकमा गोल केल्या आहेत, विद्यापीठाचं नावही देत नाही. मी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात काम करते, त्यामुळे ही फाईल माझ्या टेबलावरून बऱ्याचदा गेली.

२०२२ मध्ये तिने आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) शिष्यवृत्तीवर नोंदणी केली. पीएचडीला महिन्याला २२,००० रुपये, वर घरभाडं, वर्षाला १२,५०० रुपये आकस्मिक खर्चासाठी आणि शेवटी प्रबंधासाठी १०,०००. राहण्या-जेवण्यापुरतं हे ठीक चालतं. आकस्मिक खर्चाची रक्कम मात्र पुस्तकं, झेरॉक्स, छपाई यांतच संपते. क्षेत्रकामासाठी मायदेशी जाऊन येण्याचं विमानभाडं त्यात बसवायचं म्हटलं तर बसत नाही.

तिचा विषय होता ताना सरोवरातली जलपर्णी. मुळा-मुठेत आणि उजनीच्या फुगवट्यात दिसते तीच ही वनस्पती, दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेली. ताना हे इथिओपियातलं सगळ्यात मोठं सरोवर, सुमारे ३,००० चौरस किलोमीटरचं. निळी नाईल तिथूनच निघते. २०११ पासून तिथे जलपर्णीच्या नोंदी आहेत आणि सगळ्यात जास्त फटका उत्तर आणि ईशान्य किनाऱ्याला, म्हणजे भातशेती आणि मासेमारी करणाऱ्या गावांना बसतो. उपग्रहाच्या चित्रांवरून हा पसारा दर हंगामात कसा सरकतो ते शोधायचं आणि प्रत्यक्ष पाण्यावर जाऊन ते पडताळायचं, असा आराखडा होता. पावसाळा तिथे जून ते सप्टेंबर. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जलपर्णी सगळ्यात जास्त पसरलेली असते. म्हणजे जायचं तर तेव्हाच, नाहीतर पुढच्या वर्षी.

अडचण

विद्यापीठात पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन प्रवास साहाय्याची योजना होती. कमाल मर्यादा ७५,००० रुपये. नागरिकत्वाची अट कुठेच नव्हती, त्यामुळे कागदावर ती पात्र होती. २०२३ च्या सुरुवातीला तिने अर्ज केला. इथिओपियाच्या उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतातलं युद्ध नोव्हेंबर २०२२ च्या करारानं थांबलं होतं, २०२३ च्या ऑक्टोबरात जाणं शक्य वाटत होतं.

अर्ज पहिल्याच छाननीत अडला. नियमावलीत एक ओळ होती: ‘विद्यार्थ्याच्या मूळ गावी केलेला प्रवास ग्राह्य धरला जाणार नाही.’ ही ओळ कुठून आली हे जुन्या लोकांना माहीत आहे. नांदेड-लातूरकडची काही मुलं दिवाळीला घरी जाऊन येत आणि जोडीला दोन मुलाखती घेऊन पूर्ण प्रवासाचं बिल लावत. ते थांबवायला घातलेलं कलम इथिओपियाला लागू झालं.

समितीत एका सदस्यांनी सरळच विचारलं, “घरीच चाललीय ना? मग आपण का पैसे द्यायचे?” तिच्या गाईड मॅडम म्हणाल्या, “सर, तिचं घर हवासाला आहे, राजधानी आदिस अबाबाच्या दक्षिणेला. सरोवर वायव्येला. उद्या कोल्हापूरचा मुलगा आसामात काम करायला गेला तर तो घरी गेला असं म्हणाल का?” त्यावर हशा पिकला, पण निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते, आणि तिच्याबद्दल बैठकीत कुणी बोललंही नाही. योजना प्रतिपूर्तीची होती. आधी खर्च करा, परत या, मूळ बिलं आणि बोर्डिंग पास जोडा, मग पैसे मिळतील. नोकरी करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांना हे जमतं, घरून दोन-तीन महिने पैसे फिरवता येतात. २२,००० च्या भत्त्यावर जगणाऱ्या आणि जिच्या देशात परकीय चलनाचा तुटवडा आहे अशा मुलीने ६५-७० हजारांचं तिकीट कशातून काढायचं? प्राध्यापकांना अग्रिम (आगाऊ रक्कम) मिळतो, विद्यार्थ्यांना मिळत नाही. कारण विचारलं तर उत्तर एकच: विद्यार्थी निघून गेला तर वसुली कुणाकडून करणार?

बाहेरचे दरवाजेही फारसे उघडे नव्हते. परदेशी परिषदांना जाण्यासाठी मिळणारी केंद्राची प्रवास अनुदानं भारतीय नागरिकांसाठी असतात. परदेशात जाऊन माहिती गोळा करण्यासाठी आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) योजना आहे, तीही भारतीय संशोधकांसाठी. यात गैर काही नाही, पैसा इथल्या करदात्यांचा आहे. पण परिणाम असा की पुण्यातला भारतीय विद्यार्थी इथिओपियावर काम करायला निघाला तर त्याला ठोठावायला चार दारं आहेत, आणि इथिओपियाच्या विद्यार्थिनीला फक्त विद्यापीठाचं.

पर्याय

अर्ज लटकलेला असतानाच ४ ऑगस्ट २०२३ ला अम्हारा प्रांतात आणीबाणी जाहीर झाली. ताना सरोवर याच प्रांतात. सैन्य आणि फानो नावाचे सशस्त्र गट यांच्यात लढाई सुरू झाली, इंटरनेट बंद झालं, रस्ते बेभरवशाचे झाले. त्या वर्षीचा हंगाम गेला. मग सगळेच पर्याय नव्याने टेबलावर आले.

पहिला, जागा बदलण्याचा. उजनीवर किंवा पवनेवर काम करायचं. खर्च जीपच्या डिझेलइतका, गाईड मॅडमच्या गटाकडे तिथली जुनी माहितीही तयार. विभागातल्या बहुतेकांना हेच शहाणपणाचं वाटत होतं. तिने नकार दिला. तिच्या विद्यापीठाने रजा दिली होती ती तानासाठी, आणि परत गेल्यावर तिला त्याच सरोवरावर विद्यार्थी घडवायचे होते. मॅडमनी फार ताणलं नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता. दबाव टाकला असता तर ती मान डोलावून तयार झाली असती, कारण शिष्यवृत्तीवर आलेलं माणूस गाईडला सहसा नाही म्हणत नाही.

दुसरा पर्याय, प्रवासच न करण्याचा. सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, १० मीटरच्या तपशिलाची. एका सदस्यांचं म्हणणं होतं की हल्ली सगळं खोलीत बसून होतं. हे अर्धंच खरं आहे. किनाऱ्यालगतची जलपर्णीची अरुंद पट्टी एका पिक्सेलमध्ये हरवते. पाण्यावर तरंगणारं गवत आणि पपायरस ही पाणवनस्पती चित्रात जवळपास तिच्यासारखेच हिरवे दिसतात. आणि पावसाळ्यात नेमके ढग. प्रत्यक्ष पडताळणीशिवाय प्रबंध परीक्षकांपुढे टिकला नसता.

तिसरा, तिकडच्या कुणाला तरी पैसे देऊन मोजण्या करून घ्यायच्या. सरोवराकाठच्या बहिर दार शहरातला एक माजी एमएस्सी विद्यार्थी तयार होता. पण परदेशातल्या खासगी व्यक्तीला मजुरी पाठवायची तर विद्यापीठाकडे ना हेड (हिशोबातलं खर्चाचं शीर्षक), ना पद्धत. लेखाधिकारी नेहमी म्हणतात तेच म्हणाले, “मॅडम, पैसे नाहीत असं मी म्हणतच नाही. हेड दाखवा.”

चौथा, बाहेरचं छोटं अनुदान. लंडनच्या रफर्ड फाउंडेशनचं नाव निघालं. ते विकसनशील देशांतल्या निसर्गसंवर्धनाच्या कामाला पैसे देतात, तीन शिफारसदार मागतात. पण त्यांना संवर्धनाचा प्रत्यक्ष उपयोग दिसायला हवा असतो, नुसता प्रबंध नको असतो. अर्ज नव्याने मांडावा लागला असता. ‘बघू’ म्हणून ते राहिलं ते राहिलंच.

पाचवा, तिच्या स्वतःच्या विद्यापीठाकडे मागणं. हे तिने केलं आणि २०२४ च्या सुरुवातीला तिथून ६०,००० बिर (इथिओपियाचं चलन) मंजूर झाले. तेव्हा डॉलरला साधारण ५७ बिर असा अधिकृत दर होता, म्हणजे हजारावर डॉलर. आमच्याकडचे ७५,००० आणि हे, मिळून दीड लाखाच्या वर जात होते. अंदाजपत्रक १,६०,००० चं होतं. गणित जुळल्यासारखं वाटलं.

काय केलं

२०२४ च्या मे महिन्यात गाईड मॅडमनी नव्याने टिपणी लिहिली. जुन्या अर्जात ‘इथिओपियाला जाण्यासाठी’ असं होतं. नव्यात ‘ताना सरोवर परिसरात क्षेत्रकामासाठी’ असं आलं, सोबत नकाशा, मोजणीच्या बिंदूंची यादी, हंगामाचं कारण आणि घरच्या पत्त्याचा दाखला जोडला. ‘मूळ गाव’ म्हणजे पासपोर्टवरचा देश नव्हे, असं एक वाक्य ठळक अक्षरात. समितीने ‘विशेष बाब म्हणून’ मंजुरी दिली. विशेष बाब म्हटलं की पुढच्या अर्जाला आधार राहत नाही. पण फाईल पुढे सरकली.

मग अग्रिमाचा प्रश्न. आपल्याकडे याला एक रूढ तोड आहे: गाईडने स्वतःच्या नावावर उचल घ्यायची आणि विद्यार्थ्याच्या हातात द्यायची. मॅडम तयारही होत्या. लेखाधिकाऱ्यांनीच त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की मुलगी तिकडे अडकली, बिलं आली नाहीत, तर सगळी रक्कम तुमच्या पगारातून कापली जाईल. लढाई चालू असलेल्या भागात हा धोका घेऊ नका. सल्ला योग्य होता. मग आमच्या कक्षातून वेगळा प्रस्ताव गेला: पैसे विद्यार्थिनीला देऊच नका, विद्यापीठाने अधिकृत ट्रॅव्हल एजंटाकडून तिकीट थेट काढावं. पाहुणे व्याख्याते बोलावताना आपण हेच करतो. या वाटेला नवा नियम लागत नव्हता. चार दिवसांत होकार आला.

मुंबई–आदिस अबाबा–बहिर दार आणि परत, असं तिकीट ६५,००० च्या आसपास बसलं. आदिसहून बस स्वस्त पडली असती, पण रस्त्याने जायचं नाही ही समितीची अट होती आणि ती बरोबरच होती.

तेवढ्यात बिर घसरला. २९ जुलै २०२४ ला इथिओपियाच्या मध्यवर्ती बँकेने विनिमय दर बाजारावर सोडला. काही आठवड्यांतच डॉलरला १०० च्या वर बिर झाले. तिच्या ६०,००० बिरची किंमत डॉलरमध्ये जवळजवळ निम्मी झाली. ती माझ्यासमोर बसून मोबाईलवर दर बघत होती, म्हणाली, “मॅम, आता मी किती दिवस राहू?” हिशोब मांडल्यावर दिसलं की तोटा वाटला तितका नाही. बोटीचं भाडं, मजुरी, राहणं हे सगळं बिरमध्येच द्यायचं होतं आणि तिथले स्थानिक दर अजून दुप्पट झाले नव्हते. डॉलरशी बांधलेला खर्च एकच, विमानाचा, आणि तो रुपयांतून भागला होता. तरी इंधन महागलं होतं. महिन्याचा मुक्काम १८ दिवसांवर आणला, दूरच्या किनाऱ्यावरचे बिंदू त्या माजी विद्यार्थ्याच्या ओळखीतल्या मच्छीमारांकडून जीपीएस-फोटो घेऊन भरायचे ठरले, आणि गरज पडली तर आकस्मिक खर्चाचे १२,५०० हाताशी ठेवले.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. तिची निवास-नोंदणी प्रवासाच्या काळातच संपत होती, ती निघण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या ई-एफआरआरओ पोर्टलवरून वाढवून घेतली. रजेचा अर्ज आयसीसीआरकडे विद्यापीठामार्फत गेला आणि बाहेर असतानाच्या भत्त्याचं काय, तेही लेखी विचारून घेतलं. पिवळ्या तापाचं कार्ड मात्र ऐनवेळी आठवलं. इथिओपियाहून भारतात उतरणाऱ्याकडे ते नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवतात. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्यामुळे पुन्हा लस घ्यायची गरज नव्हती. पण मूळ कार्ड आदिसला भावाच्या घरी होतं. येताना ते पर्समध्ये आहे ना, हे तिला तीनदा मेसेज करून विचारलं.

निकाल

ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली आणि ठरल्या दिवशी परत आली. ठरवलेल्या बिंदूंपैकी निम्म्याहून थोडे कमी तिने स्वतः मोजले. मच्छीमारांचे फोटो चांगले निघाले, काही तर तिच्या स्वतःच्या नोंदींपेक्षा उपयोगी, कारण ते रोज त्याच पाण्यावर असतात. पूर्वेकडच्या दोन गावांना जाता आलं नाही. प्रबंधात ती मर्यादा म्हणून लिहिली जाईल.

शास्त्राचं काम असं बऱ्यापैकी निभावलं. घोळ हिशोबात झाला. बिरमधला खर्च तिकडच्या विद्यापीठाने विनातक्रार पास केला. शेवटच्या दोन दिवसांचं बोटभाडं मात्र आकस्मिक खर्चातून गेलं होतं, त्याची पावती पुण्यात आली. वहीच्या अर्ध्या पानावर, निळ्या शाईत, अम्हारिक लिपीत, खाली अंगठा. वाचता येण्यासारखी फक्त रक्कम आणि तारीख: १२/०२/२०१७.

लेखा विभागाने लाल शाईत शेरा मारला: ‘सदर पावती विद्यार्थिनीच्या नोंदणीपूर्वीची आहे. खुलासा करावा.’

इथिओपियाचं पंचांग आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालतं. त्यांचं २०१७ साल ११ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालं, दुसरा महिना तिकिम्त, त्याचा बारावा दिवस म्हणजे २२ ऑक्टोबर २०२४. ती तेव्हा सरोवरावरच होती. हे समजावून सांगायला एक पानाचा खुलासा, तारखांचा तक्ता, बोर्डिंग पासच्या प्रती आणि पावतीचं भाषांतर लागलं. भाषांतर कुणी प्रमाणित करायचं यावर महिना गेला. वसतिगृहातल्या दुसऱ्या इथिओपियन विद्यार्थ्याची सही चालेना. शेवटी गाईड मॅडमच्या प्रमाणपत्रावर काम भागलं. मग रक्कम बँकेतून परत आली, कारण विद्यापीठाच्या नोंदीत नावांचा क्रम वेगळा होता. इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. आपल्या फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून कुणीतरी २०२२ मध्ये आजोबांचं नाव पुढे आणून ठेवलं होतं. पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जमा झाले. ३१ मार्च उलटला असता तर तरतूदच संपली असती.

वेगळं काय करता आलं असतं

खर्चाचा विचार फार उशिरा सुरू झाला. विषयाला मान्यता देताना क्षेत्रकाम इथिओपियात होणार हे संशोधन समितीला माहीत होतं, तिथे पैशांचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. नोंदणीच्याच बैठकीत तो विचारला असता तर तिकडच्या विद्यापीठाकडे २०२२ मध्येच मागणी करता आली असती, बिर घसरण्याच्या कितीतरी आधी. आणीबाणीमुळे वाया गेलेलं वर्ष रफर्डचा अर्ज लिहायला पुरेसं होतं. ते अनुदान मिळालंच असतं असं नाही, पण मोकळं वर्ष हातात असताना प्रयत्न न करणं मला आजही पटत नाही.

रुपयांतून विमान आणि बिरमधून सरोवर, ही वाटणी शेवटी गरजेपोटी झाली. ती पहिल्यापासून करायला हवी. कारण चलनाइतकंच कागदांचंही आहे: अम्हारिक पावती अम्हारिक वाचणाऱ्या लेखापालाकडेच जावी. त्यातूनही काही पावत्या पुण्यात येणारच, तर निघताना विद्यार्थ्याच्या हातात छापील पावतीपुस्तक द्यावं, दोन भाषांत, तारखेचे दोन रकाने असलेलं. आप्पा बळवंत चौकात शंभर पानांचं पुस्तक छापून घ्यायला फारसा खर्च येत नाही.

मच्छीमारांच्या बाबतीत माझं आणि मॅडमचं मत वेगळं आहे. त्यांना वाटतं की ते नाइलाजाने केलं, पुढच्या वेळी सगळे बिंदू विद्यार्थ्यानेच मोजावेत. मला वाटतं की तीच पद्धत आधीपासून आखली असती, मच्छीमारांना एक दिवस शिकवलं असतं आणि त्यांच्या मजुरीसाठी योजनेत हेड असतं, तर मुक्काम आणखी कमी होऊनही माहिती जास्त मिळाली असती. आणि लढाईच्या भागात माणूस कमी दिवस राहिला असता.

नियमांचं म्हणाल तर, त्या वर्षीच्या अखेरीस ‘मूळ गावी’ या कलमाखाली एक टीप आली: परदेशी विद्यार्थ्याने मायदेशी केलेलं क्षेत्रकाम गाईडच्या प्रमाणपत्रावर ग्राह्य. थेट तिकीट काढण्याची सोयही आता लेखी आहे. विद्यार्थ्याला अग्रिम देण्याचा प्रस्ताव अजून वित्त समितीपुढे आहे. दरम्यान सुदानच्या एका विद्यार्थ्याची फाईल आली आहे. एप्रिल २०२३ पासून तिकडे युद्ध असल्यामुळे त्याला मायदेशी जाताच येत नाही, विस्थापित कुटुंबांच्या मुलाखती त्याला कैरोत घ्यायच्या आहेत. तिकीट काढता येईल. तिथल्या २० दिवसांच्या राहण्या-जेवणाचे पैसे मात्र त्याला आधी स्वतःच्या खिशातून घालावे लागतील, आणि तेवढे त्याच्याकडे नाहीत.